पाव चाक पुढे, पाव चाक मागे

ही गोष्ट कुणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याने आधी स्वतःची नाडी बघून घ्यावी. पत्र्याच्या एका कुंपणाआत एकतीस घरगाड्या उभ्या होत्या, आणि या एकतीस गाड्यांनी फाटकाबाहेर चाक न टाकता पृथ्वीला अर्धा वेढा घातला. चालवणारा माणूस एकच. त्याचा परवाना संपून बावीस वर्षं झाली होती, पण कुंपणाच्या आत विचारतो कोण?

घरगाडी म्हणजे पुढे इंजिन आणि मागे बिऱ्हाड. ओटा, पलंग, न्हाणीघर, भांड्यांचं कपाट, सगळं चाकांवर. हौशी मालक हिंडायचे दिवस संपले की गाडी इथे आणून लावत, किल्ली खिळ्याला अडकवत आणि सहा-सात महिने तिला विसरून जात. मधल्या काळात गाड्यांची निगा राखणदाराकडे. त्याला सगळे पावचाके म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हे. उभ्या गाडीचं सगळं वजन टायरच्या एकाच जागेवर पडतं, रबर तिथे बसतं, चपटं होतं, आणि मग रस्त्याला लागली की ती गाडी एक पाय आखूड असल्यासारखी धपधपत चालते. म्हणून दर पंधरवड्याला प्रत्येक गाडी पाव चाक हलवायची आणि टायरवर खडूने रेघ मारून ठेवायची. एका खेपेला पाव चाक पुढे, दुसऱ्या खेपेला पाव चाक मागे, कारण पुढे भिंत होती. अशी ती पृथ्वीप्रदक्षिणा.

"उभी गाडी पळत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते," असं तो म्हणायचा. कुणाला म्हणायचा, हा प्रश्न वेगळा. सहा महिने त्या आवारात त्याच्याशिवाय माणूस नसायचा. शांतता अशी की टायरमधली हवा कूस बदलायची ती ऐकू यायची. तेल मोजायची पट्टी ओढली की तो पट्टीशी बोलायचा, "काय गं, काळी पडलीस." पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा आणि बोटभर दबला की "शाबास" म्हणायचा. इंजिन सुरू केलं की तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत बंद करायचा नाही. नुसतं सुरू करून बंद करणं म्हणजे म्हाताऱ्याला झोपेतून उठवून बसवायचं आणि घोटभर पाणीही न देता परत निजवायचं. बॅटऱ्या दोन, एक इंजिनाची आणि एक घराची. त्यांच्या टोकांवर साचलेली हिरवी-पांढरी भुकटी तो सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचा, ग्रीसचं बोट फिरवायचा आणि पुढच्या घरात शिरायचा.

घरंच ती. प्रत्येकात एक कॅलेंडर, आणि प्रत्येक कॅलेंडर गाडी लावली त्या महिन्यावर थांबलेलं. पावचाके त्या पानांना हात लावायचा नाही. पान उलटायचा हक्क घरच्या माणसाचा. कोण दोन उश्या घेऊन झोपतं, कोण बायकोपासून लपवून बॅटरीच्या पेटीमागे सिगारेटी ठेवतं, कुणाच्या पोराने पलंगाखाली रंगीत खडूने घोडा काढलाय, हे सगळं त्याला ठाऊक. त्या माणसांना मात्र त्याचं खरं नावही ठाऊक नव्हतं. ती यायची, किल्ली घ्यायची, "सगळं ठीक ना?" विचारायची, हॉर्न वाजवायची आणि धूळ ठेवून जायची. त्याला एक धाकटा भाऊ होता. तो महिन्यातून एकदा फोन करायचा. "बरा आहेस ना? बरं." मधल्या जागेत उत्तर बसेल एवढीही सांद तो ठेवायचा नाही.

एक गाडी तेवढी निराळी. सतरा नंबरची, फिक्या निळ्या रंगाची, बाईंची.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्या हिंडायच्या, एकट्या यायच्या. गाडी लावायला आल्या की दोन दिवस आणि न्यायला आल्या की दोन दिवस मुक्कामच ठोकायच्या. दाराशी घडीच्या दोन खुर्च्या मांडायच्या, स्टोव्हवर चहा टाकायच्या आणि म्हणायच्या, "हं, सुरू करा पावचाके. वर्षभर साठवलेलं सगळं येऊ द्या." आणि पावचाके सुरू व्हायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतंच, त्या चार दिवसांत तिला चाकंही फुटायची.

"बाई, बारा नंबरच्या गाडीचा हॉर्न अडकला. तीन दिवस, तीन रात्री वाजत राहिला."

"मग?"

"चौथ्या दिवशी मी तार शोधून काढली, बंद केला. तर समोरच्या वस्तीतली माणसं धावत आली, हातात काठ्या. म्हणाली, चालू कर आधी, सवय झालीय, पोरं झोपेनात."

बाई हसायच्या नाहीत. कपातला चहा दोनदा ढवळायच्या आणि गुण द्यायच्या. "दहापैकी आठ. काठ्या नसत्या तर नऊ दिले असते."

पृथ्वीच्या वेढ्याची थाप त्याने मारली, तेव्हा त्यांनी हिशेबच मागितला होता. "अहो, पाव पुढे आणि पाव मागे. बेरीज किती झाली?"

"शून्य."

"मग वेढा कसला घालताय?"

"चाकाला विचारा ना बाई. ते पुढे गेलेलंही मोजतं आणि मागे आलेलंही."

यावर बाई बराच वेळ टायरकडे बघत बसल्या होत्या. गुण द्यायला विसरल्या.

असं नऊ वर्षं चाललं. वर्षातले चार दिवस. उरलेल्या दिवसांत पावचाके त्या चार दिवसांसाठी थापा गोळा करायचा, आणि त्या दिवसांत त्याला कुणी विचारलं असतं की एकटा कसा राहतोस, तर तो म्हणाला असता, एकटा कुठे, कामात असतो.

यंदा गाडी न्यायच्या आठवडाभर आधी बाईंचा फोन आला.

"पावचाके, गुडघे गेले हो माझे. क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे. भाचा म्हणतो, मावशी, गाडी मला दे आणि तूही आमच्याकडेच राहायला ये. मी हो म्हटलंय. रविवारी येतो आम्ही."

"बरं बाई."

"त्याला तेवढा एकच दिवस आहे. सोमवारी तो बोटीवर कामाला जातो, ते दहा महिन्यांनी येतो. आम्ही राहतो ते लांब, एकदा गाडी नेली की मग मी काही परत यायची नाही तिकडे. त्या दिवशी निघाली तर निघाली. नाहीतर राहील आणखी एक वर्ष तुमच्याकडे, आणि मला काय, येईन की बसने. बसेन तुमच्या थापा ऐकत." बाई हसल्या. "पण तुमच्या हातची गाडी न निघायला काय झालंय?"

"पहिल्या चावीला निघेल, बाई."

"ते का मला माहीत नाही?"

फोन ठेवल्यावर पावचाके सतरा नंबरच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. पहिल्या चावीला. तीस वर्षांत त्याच्या हातची एकही गाडी दुसऱ्या चावीवर गेली नव्हती. माणसाजवळ अभिमान वाटण्यासारखी एखादीच गोष्ट असते, तीही अशी आडवी यावी! कारण बाईंनी सहज म्हटलेलं ते वाक्य त्याच्या डोक्यात घुसून बसलं होतं. नाहीतर राहील आणखी एक वर्ष.

आता इथून पुढचं तर अजिबातच कुणाला पटायचं नाही. गाडी बिघडवणं सोपं, असं लोकांना वाटतं. दुसऱ्याची गाडी बिघडवणं सोपं असेलही. आपण निगा राखलेली गाडी बिघडवायची म्हणजे आपल्याच हातांना लाच द्यायची, आणि पावचाक्याचे हात काही केल्या लाच घेईनात.

सोमवारी तो टायरपाशी बसला. वॉल्व्हची सुई जराशी ढिली केली की सकाळपर्यंत टायर बसला असता. पण एवढ्या वजनाखाली बिनहवेचा टायर बसला म्हणजे त्याच्या बगला चिरतात, आणि तो चिरलेला टायर पुढे कधीतरी उतारावर दगा देतो. या टायरांना ऊन लागू नये म्हणून त्याने सहा वर्षं गोणपाटं बांधली होती. बगलेवरून हात फिरवला, केसाएवढी भेग नव्हती. त्याने सुई घट्ट केली आणि वर टोपीही लावली.

मंगळवारी बॅटरी. पुढचे दिवे दिवसभर चालू ठेवले की काम फत्ते. त्याने ते लावले, खुर्ची टाकून समोर बसला आणि दिवे पिवळे पडायची वाट बघू लागला. तासाभरात त्यालाच कसंतरी व्हायला लागलं. पार उतरलेली बॅटरी पुन्हा भरते, पण तिच्यातला दम गेला तो गेलाच. उठला, दिवे बंद केले. वर चार्जर लावून दुपारपर्यंत ती काठोकाठ भरली.

बुधवारी डिझेलच्या टाकीचं झाकण उघडून हातात पाण्याचा मग घेऊन उभा राहिला. हे तर पापच. ते पाणी तो स्वतः प्यायला.

असे सगळे उपाय संपले. इंजिन सोडलं, चाकं सोडली, बॅटरी सोडली. आणि मग शनिवारी सकाळी, चहा गाळताना, त्याला इंजिनामागची तांब्याची पट्टी आठवली.

वीज बॅटरीतून जाड तारेने इंजिनाकडे जाते. पण गेलेल्याला परत यायलाही वाट लागते. इंजिन बसलेलं असतं रबराच्या गाद्यांवर, त्यामुळे परतीची वाट म्हणून इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये तांब्याच्या विणीची एक पट्टी लावलेली असते, पार मागे, खाली, सहसा कुणाची नजर जात नाही अशा जागी. ती सोडली की दिवे लख्ख लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो आणि किल्ली फिरवली की स्टार्टर नुसतं टक् करतो. बघणारा म्हणतो, स्टार्टर जळला. गाडीला इजा काही नाही. एक नट, तेरा नंबरचा पाना. कुणाचं काही वाईट नाही.

अकराच्या उन्हात त्याने बॉनेट उचललं. पाना लावला. नट इतका स्वच्छ होता की लगेच फिरला. काम करताना त्याचं लक्ष कामात नव्हतं. बाई पुढच्या वर्षी बसने येतील, तर थांब्यापासून इथवर त्यांना चालवेल का, फाटकापाशी एक बाकडं टाकावं का, याचाच विचार चालला होता. हात आपापलं करत राहिले. बॉनेट लावलं, हात पुसले, आणि मग दिवसभर सतरा नंबरच्या गाडीकडे पाठ करून बसला.

रविवारी दहाच्या सुमारास ती दोघं आली. भाचा उंच, हसतमुख, पायांत घाई भरलेला. बाईंच्या हातात काठी होती. ती पावचाक्याने पहिल्यांदाच पाहिली.

"ओळख करून देते," बाई म्हणाल्या. "हा माझा भाचा, आणि हे पावचाके. यांनी एकदा टायरमधली हवा सोडली तर आतून डोंगरावरचं थंड वारं निघालं आणि अख्ख्या आवाराने शाली पांघरल्या."

"हो का काका?" भाचा हसला.

"शाली नव्हत्या," पावचाके म्हणाला. "गोधड्या." पण आज त्यात मजा नव्हती.

बाई काठी टेकत गाडीत चढल्या. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी काढलं, गुंडाळलं, रबर लावलं आणि पिशवीत टाकलं. दोन कप कागदात बांधले. पावचाके दाराबाहेर उभा राहून हे बघत होता.

"चला मावशी, बघू आता काकांची पहिली चावी," भाचा चालकाच्या जागेवर बसत म्हणाला.

टक्.

भाच्याने पुन्हा फिरवली. टक्. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे दिवाणखान्यासारखे उजळलेले. टक्.

"काका, स्टार्टर गेला वाटतं."

"असेल," पावचाके म्हणाला.

तीस वर्षांची अब्रू अशी एका शब्दात गेली, आणि जाताना आवाजसुद्धा झाला नाही.

"असेल काय? मावशी तर सांगत होती..." भाच्याने बाईंकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. खाली उतरला, फोन काढला. "इथे तर रेंजही नाही. फाटकापाशी जाऊन बघतो कुणी मेकॅनिक मिळतो का. रविवार आहे, कोण येणार म्हणा." तो लांब टांगा टाकत निघून गेला.

बाई सावकाश खाली आल्या. पावचाके दोन्ही हात खिशात घालून उभा होता. कुठल्याही गाडीने नुसतं खाकरलं तरी बॉनेटमध्ये डोकं घालणारा हा माणूस, आज पाहुण्यासारखा उभा.

"तुम्ही बघत का नाही?" बाईंनी विचारलं.

"बघून काय बाई, स्टार्टरच तो. खोलावा लागेल. आज काही व्हायचं नाही."

"दिवे लागतायत."

"लागतायत."

बाईंनी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. तो असा वाजला की कुंपणावरचे कावळे उडाले. "म्हणजे बॅटरीत जीव आहे. जायची तार?" त्यांनी मान तिरकी केली. "नऊ वर्षं काय मी नुसता चहा पीत होते? टॉर्च द्या इकडे."

"बाई, गुडघे..."

"गुडघे क्लचला गेलेत. कमरेने वाकायला काही झालेलं नाही. बॉनेट उचला."

मुख्याध्यापिकेने सांगितलं की माणूस उचलतो. पावचाक्याने उचललं. बाई काठी टेकून वाकल्या, टॉर्चचा झोत आधी बॅटरीवर, मग जाड तारेवरून स्टार्टरकडे आणि मग इंजिनाच्या मागे, खाली सरकत गेला. तिथे अंधारात काहीतरी पांढरं दिसलं. झोत थांबला.

"ही पट्टी सुटलीय."

आयुष्यभर पावचाक्याने हजार थापा मारल्या होत्या, पण त्यातली एकही कुणी खरी मानावी म्हणून मारलेली नव्हती. आपलं बोलणं दुसऱ्याला पटवायचं कसं असतं, हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

"थरथरीने सुटली असेल," तो म्हणाला. "नट सैल होतात बाई. थरथरीने. आपोआप."

"उभ्या गाडीला थरथर?"

"पंधरवड्याला इंजिन चालवतो ना मी. थोडं थोडं होत होत... झाला असेल सैल."

"बरं. सैल झाला. गळून पडला. पट्टी सुटली." बाईंनी टॉर्च त्याच्या हातात दिला. "मग तो नट परत आपल्या जागी चढून बसला कसा, तेवढं बघून सांगा."

पावचाके वाकला. नट खरोखरच बोल्टवर होता, हरवू नये म्हणून हाताने फिरवून ठेवलेला. पट्टीचं सुटं टोक पॉलिश पेपरने घासलेलं, गुंडाळीच्या फटीतून लख्ख चमकत होतं. त्यावर ग्रीसचं बोट फिरवलेलं. आणि ते कुठे टेकून ठिणगी पडू नये म्हणून त्याला धुतलेलं पांढरं फडकं गुंडाळून वर दोऱ्याची गाठ मारलेली होती. यातलं काहीसुद्धा केल्याचं त्याला आठवत नव्हतं. चोरी करायला पाठवलेले हात घर झाडून, पुसून, आवरून परत आले होते.

"मावशी!" फाटकाकडून भाच्याची हाक आली. "उद्याशिवाय कुणी येत नाही म्हणतायत! काय करू? राहू दे पुढच्या वर्षावर?"

बाई पावचाक्याच्या हातांकडे बघत होत्या. त्याने ते घाईने खिशात घातले, टॉर्चसकट.

"असतात बाई असे नट," तो पुटपुटला. "सुटतात आणि... थंडीने परत आवळतात. मी पाहिलेत."

"आणि फडकं?"

"फडकं..." तो म्हणाला. खिशात टॉर्च तसाच जळत होता, आणि कापडातून त्याचा गोल उजेड बाहेर पडत होता.

बाई सरळ उभ्या राहिल्या. काठी दोन्ही हातांत धरली आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "पावचाके, नऊ वर्षांत तुमच्या एकाही थापेला मी खोटं म्हटलं नाही. हे खोटं आहे."